मोराची वहिवाट

पक्षी पाहावयाचे असल्यास पहाटे चारला उठले पाहिजे, मळखाऊ रंगाचे कपडे चढवले पाहिजेत, गळ्यात दुर्बीण आणि पाठीवर कोरडा शिधा लटकवून कोठल्या तरी पाणथळीच्या काठी डासांच्या स्वाधीन होऊन बसले पाहिजे, हा समज ज्या कोणी प्रथम रूढ केला त्याला पक्ष्यांविषयी कितपत जिव्हाळा होता हे सांगवत नाही. पण मनुष्यमात्राविषयी, त्यातही सेवानिवृत्त मनुष्यमात्राविषयी, त्याच्या ठायी दयेचा लवलेश नव्हता एवढे निश्चित. पक्ष्यांना पंख आहेत आणि आपल्याला नाहीत, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर दोघांपैकी कोणी कोणाकडे यावे हा प्रश्न खरोखर उपस्थितच होऊ नये.

माझ्या उमेदीची सारी वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात अव्वल कारकून म्हणून गेली. त्या खात्याने माझ्या अंगी दोन गुण बाणवले. समोर हजर होईल त्याची तारीखवार नोंद घेणे हा पहिला. आणि जो हजर होत नाही त्याच्यामागे न धावणे हा दुसरा, कारण ज्याचे काम अडले आहे तो आज ना उद्या आपल्या मेजापुढे येऊन उभा राहतोच, असा त्या खात्याचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. सेवानिवृत्तीनंतर मी हीच पद्धत पक्ष्यांना लागू केली. पुण्यातील वेताळ टेकडीचा पाषाणकडचा उतार जेथे संपतो आणि माणसांची कुंपणे जेथे सुरू होतात, त्या हद्दीवर आमची इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरील गॅलरीत वेताची खुर्ची, चहाचा कप आणि लाल बासनात बांधलेला रोजनामा एवढ्या सरंजामावर माझे पक्षिनिरीक्षण चालते. पहाटे शीळ घालून खात्याचे कामकाज सुरू करणारा दयाळ, जास्वंदीच्या फुलांची झडती घेणारे शिंजीर, ग्रीष्माच्या ऐन दुपारी ठोक्यावर ठोके घालीत राहणारा तांबट आणि भाऊबंदकीचे खटले भर उघड्यावर चालवणारे सातभाई, अशी सर्व मंडळी या मेजापुढे हजर होऊन गेली आहेत. आणि या सर्वांच्या वर, दप्तरात ज्याचे नाव लाल शाईने लिहावे असा, मोर.

घरबसल्या मोर दिसण्याच्या आनंदाचे स्वरूप सूक्ष्म आहे, आणि ते समजावून सांगण्याचा मी माझ्या भाच्यापाशी पुष्कळ प्रयत्न केला आहे. भाचा हा जातिवंत पक्षिनिरीक्षक. हिवाळ्यात तो रोहित पाहावयास भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर जातो, उन्हाळ्यात स्वर्गीय नर्तकासाठी सिंहगडाच्या खोऱ्यात दबा धरतो, आणि एरवी ज्याचे नाव उच्चारण्यापूर्वी चार जाणत्यांत मतभेद व्हावा असा एखादा मातकट वटवट्या काट्याकुट्यांतून हुडकून काढतो. त्याच्या मापनात पक्षी जितका लहान, जितका निस्तेज आणि जितका संशयास्पद तितकी त्याची प्रतिष्ठा थोर. अशा माणसापुढे मी एकदा रोजनामा उघडून मोराची नोंद दाखवली, तेव्हा लहान मुलाने काढलेले आंब्याचे चित्र पाहावे त्या कौतुकाने तो म्हणाला, “छान आहे, मामा. पण मोर काय, तो कोणालाही दिसतो.”

या वाक्यातला आक्षेप मला मान्य नाही. मोर कोणालाही दिसतो हे खरे. परंतु मोर कोणी पाहिलेला नसतो. या पक्ष्याचा लौकिक एवढा अवाढव्य आहे की त्याच्या आडोशाला पक्षी संपूर्ण झाकला गेला आहे. कार्तिकेयाने त्याला वाहन केले. चित्रकारांनी सरस्वतीच्या पायाशी त्याला बसवले. कऱ्हाकाठच्या मोरगावी तर गणपतीनेही आपला नेहमीचा उंदीर बाजूस ठेवून मयूरेश्वर हे नाव धारण केले. शाहजहानने १६३५ साली ज्या तख्तावर बसण्यास प्रारंभ केला त्यावर रत्नजडित मोर होते, आणि १७३९ साली नादिरशहाने ते मोर तख्तासकट उचलून नेले. लौकिकाचा असाही एक जाच असतो. पैठणीच्या पदरावर मोर, समईच्या शेंड्यावर मोर, बाळाच्या अंगड्या-टोपड्यावर मोर, आणि पाळण्याच्या दोऱ्यांवरही मोर. मनुष्य डोळे उघडतो तोच मुळी मोराकडे पाहत, आणि त्यामुळे जन्मभरात पुन्हा त्याच्याकडे पाहण्याची गरज त्याला भासत नाही. १९६३ साली सरकारने त्याला राष्ट्रीय पक्षी ठरवले तेव्हा या अज्ञानावर सरकारी शिक्काही बसला. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. माळढोक आज नामशेष होण्याच्या कड्यावर उभा आहे आणि मोर आमच्या पंपघरावर उभा आहे. सरकारी नेमणुकीचे महत्त्व जाणणाऱ्या माझ्यासारख्यास यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

लौकिकातला मोर सदैव पिसारा फुलवून असतो. गॅलरीतला मोर बहुतांश वेळ खाली मान घालून काहीतरी टिपत असतो, आणि तेच तर पाहण्यासारखे असते. टेकडीवरच्या ग्लिरिसिडियाच्या झाडीतून तो सकाळी पायी उतरतो. पंख असूनही पायी. या बाबतीत त्याचे आणि माझे विचार जुळतात, की उडणे हे अगदीच निरुपाय झाल्यावर करावयाचे काम आहे. कुंपणापाशी आल्यावर तो थबकतो, मान तिरपी करून आमच्या इमारतीचा खुलासेवार अंदाज घेतो, आणि मग एकाच अवजड, धापा टाकणाऱ्या झेपेत सामाईक भिंतीवर येतो. संध्याकाळी उलट क्रम. एखाद्या उंच झाडाच्या टोकाला रात्रीचा मुक्काम करण्यासाठी फांदीफांदीवर थांबत, प्रत्येक थांब्यावर पुढील मजलेविषयी गंभीर विचार करीत, तो वर चढतो. चोच ते पिसाऱ्याचे टोक धरल्यास पूर्ण वाढीचा नर दोन मीटरांहून लांब भरतो आणि त्याचे वजन चार ते सहा किलो असते. एवढा बारदाना घेऊन झाडावर चढणे ही थट्टेची बाब नव्हे.

त्यातून तो बारदाना ज्याला सारे जग शेपूट म्हणते ती शेपूट नव्हेच. खरी शेपूट आखूड, तपकिरी आणि पिसाऱ्याच्या मागे दडलेली. पिसारा फुलतो तेव्हा तो तोलून धरण्याचे काम ती बिचारी पाठीमागून करीत असते. पुढे उभा असतो तो शेपटीवरील आच्छादक पिसांचा संभार. एका कारकुनाला यातील व्यवस्था ताबडतोब उमगते. सहीच्या जागी ज्याचे नाव झळकते तो वेगळा आणि मागे उभा राहून सारा डोलारा सांभाळतो तो वेगळा.

या पक्ष्याच्या आवाजाविषयीही माझे थोडे सांगणे आहे. आपल्या संगीतशास्त्राने सात स्वर सात प्राण्यांकडे वाटून दिले, त्यात षड्ज मोराच्या वाट्याला आला. ज्यांनी ही वाटणी केली ते ऋषी थोर होते यात शंका नाही. तथापि त्यांची पर्णकुटी टेकडीच्या पायथ्याशी नसावी. बारामतीच्या मोरोपंतांनी आपल्या आर्त विनवणीला ‘केकावली’ हे नाव दिले, त्यातील आर्तता मात्र सोळा आणे खरी आहे. मृगाच्या सुमारास पहाटे साडेचार वाजता ती केका पंपघराच्या छपरावरून उमटते तेव्हा आमच्या इमारतीतील यच्चयावत रहिवाशांना ईश्वराचे स्मरण होते. पहाटे उठण्याचा जो संकल्प भाच्याच्या उपदेशाने माझ्याकडून कधी तडीस गेला नाही, तो मोराने परस्पर तडीस नेला. फरक इतकाच की मी उठतो, नोंद करतो आणि पुन्हा निजतो.

परंतु माझ्या रोजनाम्यातील सर्वांत रम्य पाने आश्विनातली आहेत. पाऊस सरत आला की मोराचा पिसारा गळू लागतो, आणि मोसमाच्या अखेरीस बदलीचा हुकूम हाती पडलेल्या मामलेदाराप्रमाणे सारा थाटमाट गमावलेला मोर भिंतीवर येऊन बसतो. या अवस्थेत त्याचे चित्र कोणी काढीत नाही; पैठणीवर तर त्याला प्रवेशच नाही. मान तेवढी निळी, बाकी एक बुटकी, उजाड आकृती. पण चालण्याचा रुबाब तोच! मागे काही उरलेले नाही याची त्याला वार्ताच नसल्याप्रमाणे वळताना तो आपला अदृश्य पिसारा भिंतीच्या कोपऱ्याला अडकू नये इतके मोठे वळण घेतो. निवृत्तीनंतर प्रथमच कचेरीत गेलो तेव्हा मीही शिपायाने दार उघडावे म्हणून क्षणभर दारापाशी थांबलो होतो. त्यामुळे त्या वळणाकडे पाहून मला हसू येते म्हणण्यापेक्षा आपुलकी वाटते. माघ-फाल्गुनापर्यंत त्याला नवा पिसारा येतो. आमच्या खात्यात तशी तरतूद नाही.

गळालेली पिसे गोळा करण्याचा मक्ता आमच्या सौभाग्यवतीकडे आहे. ती पिसे देव्हाऱ्यात कृष्णापाशी पोचलेली पाहून शेजारच्या बंगल्यातील वकीलसाहेबांनी एकदा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बडगा दाखवला. मोर त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्याच्या केसालाही धक्का लावणे गुन्हा आहे, हे त्यांचे विधान बरोबर होते. पण आपणहून गळालेल्या पिसांना देशापुरती मोकळीक आहे, बंदी आहे ती परदेशी पाठवण्यास, हे मी त्यांना कलमवार दाखवून दिले. “आमचा कृष्ण सध्या तरी परदेशी जात नाही, भाऊजी,” असे म्हणून सौभाग्यवतीने प्रकरण निकालात काढले.

त्यातले एक पीस मी रोजनाम्यात ठेवले आहे. त्याचा निळा-हिरवा रंग हा मुळी रंगच नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात. निळे रंगद्रव्य त्यात औषधालाही नसते. असते ते काळपट तपकिरी, आणि त्याच्या अतिसूक्ष्म कांड्यांच्या जाळीवरून प्रकाश परतताना ही सारी जादू घडते. रॉबर्ट हुकने १६६५ साली आणि न्यूटनने १७०४ साली आपापल्या ग्रंथांत या पिसांचा विचार केला आहे. पीस उजेडाच्या आड धरून पाहिले की निळाई पळते आणि तपकिरी उरते. चार्ल्स डार्विनला तर मोराच्या पिसाने आजारी पाडले. शत्रूला आयते सापडावे असे हे लटांबर जगण्याच्या झगड्यात टिकलेच कसे, या प्रश्नाने तो इतका हैराण झाला की नुसते पीस पाहूनही आपल्याला मळमळते, अशा अर्थाचे पत्र त्याने १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला धाडले. पुढे १८७१ साली त्याने स्वतःच उत्तर दिले: पिसारा शत्रूसाठी नाहीच, तो लांडोरीसाठी आहे, निवड ती करते.

या निवडीचा दावा मात्र अद्याप चालू आहे. मॅरियन पेट्री या बाईंनी इंग्लंडमधील व्हिप्सनेडच्या उद्यानात निरीक्षण करून १९९१ साली निवाडा दिला की ज्याच्या पिसाऱ्यावर चंद्रक अधिक त्याला लांडोरी अधिक वश. त्यावर जपानात सात वर्षे खपून २००८ साली दुसऱ्या मंडळींनी अपील मंजूर केले: लांडोरी असे काही पाहत नाहीत. मग २०१३ साली लांडोरींच्या डोक्यांवर नजर टिपणारी यंत्रे बसवण्यापर्यंत मजल गेली, आणि निष्पन्न काय, तर समोर नाच चालू असताना लांडोर बराच वेळ भलतीकडेच पाहते. मोराकडे पाहिलेच तर पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे. हा निष्कर्ष गॅलरीतून विनायंत्र काढता येतो. आमच्या पंपघरावर तो अंगभर थरथरत, पाठ दाखवीत, पुन्हा फिरत आपल्या कलेची पराकाष्ठा करीत असतो, आणि त्याच्या पुढ्यात लांडोर मुंग्या टिपत असते. मोर आसवे गाळतो आणि लांडोर ती पिऊन गर्भवती होते अशी एक जुनी समजूत आहे. आसवे मी कधी पाहिली नाहीत, पण त्यांना कारण पुरेसे आहे हे मी शपथेवर सांगू शकेन.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणती होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेला हा ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ भारतातही २०१३ पासून चालतो, आणि त्याची अट एवढीच की निदान १५ मिनिटे पक्षी पाहून मोजावेत, मग ते घरातून का असेना. हे कळले तेव्हा सरकारी नोकरीत जोपासलेल्या गुणाला अखेर जागतिक मान्यता मिळाल्याचे समाधान मला झाले. भाच्याने माझी यादी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवली, आणि मोरापाशी येताच विचारले, “एकच?” मी म्हटले, “एकच. पण संपूर्ण.”

येथवर वाचून वाचकांची अशी समजूत होईल की आमच्या आळीत मोराला सर्वत्र अभयदान आहे. तसे नाही. २०१६ साली गोव्याच्या सरकारात मोराला पिकांचा उपद्रवी ठरवण्याचा विचार निघाला तेव्हा देशभर केवढा गदारोळ झाला! त्या गदारोळात सौभाग्यवती गोव्याच्या बाजूने होती. ती निसर्गविरोधी नाही. तिने कुंडीत लावलेल्या मिरच्या मोराने झाडासकट फस्त केल्या होत्या, एवढेच. त्यावर या वर्षी वैशाखात कळस झाला. गव्हाचा चीक आंबवून, हाटून, पहाटे सोऱ्यातून पाडलेल्या कुरडया गच्चीवर जुनेर धोतरावर वाळत होत्या. तेथे हा राष्ट्रीय पक्षी उतरला, आणि नव्वार लुगड्याचा घोळ सावरीत ओल्या अंगणातून जावे तसा पिसारा उचलून कुरडयांच्या ओळींमधून फिरला; काही खाल्ल्या, काही तुडवल्या आणि उरलेल्यांवर आपला अभिप्राय नोंदवून गेला. मी पंचनामा केला. सौभाग्यवतीने तो वाचण्यास नकार दिला आणि नुकसानभरपाई कोणाकडे मागावयाची एवढाच मुद्द्याचा प्रश्न विचारला. मोर सरकारचा म्हणावा, तर सरकार कुरडयांचे देणे लागते हे सिद्ध करण्यास मला आणखी एक सेवाकाल लागला असता.

मोर कोणाचा, हा प्रश्न वकीलसाहेबांनाही सतावीत होता, पण उलट्या बाजूने. त्यांच्याकडे पाहुणे आले की ते “आमचा मोर” असा उल्लेख करीत. पंपघर सामाईक भिंतीला लागून आहे; मोर तेथे उभा राहतो तेव्हा त्याचे तोंड आमच्याकडे आणि पिसारा त्यांच्याकडे असतो. यावरून, मोर त्यांच्या पेरूवरून भिंतीवर येतो सबब त्याचे मूळ ठाणे त्यांच्या हद्दीत, आणि बारा वर्षे अखंड वहिवाट असल्याने आता कोणास हरकत घेता येणार नाही, असा युक्तिवाद ते सकाळच्या फेरफटक्यात मला ऐकवीत. माझे म्हणणे, दप्तर माझ्यापाशी आहे. आमचा हा वाद कित्येक महिने गुण्यागोविंदाने तहकूब होत आला होता.

मृगाच्या तोंडावर एका रविवारी भाचा सिंहगडाच्या खोऱ्याकडून परतताना चहाला म्हणून आमच्याकडे थांबला. दिवस वाया गेला होता. ज्या पक्ष्यासाठी दबा धरला त्याने नुसते दर्शनच नव्हे तर आवाजही दिला नव्हता. बुटांना चिखल, चेहऱ्यावर वैराग्य, आणि मांडीवर तान्ह्या बाळाएवढे भिंग. मी चहा पुढे केला आणि तेवढ्यात पंपघराच्या छपरावर, वीस पावलांच्या आत, मोराने पिसारा उभा केला. मागे आभाळ काळेभोर भरून आले होते.

‘मोर काय, तो कोणालाही दिसतो’ म्हणणाऱ्या भाच्याने कप खाली ठेवला नाही, टाकला. भिंग डोळ्याला लावले आणि त्याच्या तोंडून एक हताश उद्गार निघाला. लांबच्या फांदीवरचा चिमणीएवढा जीव टिपण्यासाठी घडवलेल्या त्या भिंगात हा एवढ्या जवळचा दोन मीटरांचा देखावा मावेना. डावीकडे वळवावे तर सात-आठ चंद्रक, उजवीकडे वळवावे तर एक पाय, मध्यभागी धरावे तर नुसता निळा गळा. तो मागे सरकला. गॅलरीतून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून देव्हाऱ्यापाशी, तेथून पाठमोराच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तरी मोर भिंगाबाहेरच. “अरे, सरक जरा, फोडणी जळते आहे,” असे म्हणून सौभाग्यवतीने त्याला बाजूस केले, एका हातात उलथने तसेच ठेवून दुसऱ्या हाताने आपला मोबाइल उचलला, गॅलरीत गेली, छायाचित्र घेतले आणि फोडणीकडे परतली. छायाचित्र अप्रतिम आले. संपूर्ण पिसारा, वरचा तुरा, पाठ फिरवून उभी असलेली लांडोर, आणि मागे दोरीवर वाळत घातलेला वकीलसाहेबांचा बनियन.

भाच्याने ते छायाचित्र मामीकडून मागून घेतले व आपल्या यादीला जोडले. ही बातमी संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडे पोचली आणि वकीलसाहेब स्वतः आमच्याकडे आले. छायाचित्र त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, मग खाली ओढून, दोन्ही प्रकारे तपासले. बनियन आपला आहे हे त्यांनी कबूल केले. मोराचा पिसारा बनियनला लागून असल्याने मोर त्या क्षणी त्यांच्या हद्दीत होता हे आता उघड्या डोळ्यांनी शाबीत झाले, सबब या पुराव्याची एक प्रत मिळावी, असा अर्ज त्यांनी तोंडीच दाखल केला.

“अवश्य घ्या, भाऊजी,” सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येत म्हणाली. “मोर तुमचाच, असे दोन ओळींत लिहून तेवढे द्या.” आणि कपाटातून माझा पंचनामा काढून तिने तो त्यांच्यापुढे ठेवला. खाली तिच्या हस्ताक्षरात गहू, मीठ, गॅस आणि चार दिवसांची मजुरी यांचा तपशील मांडून बेरीज केलेली होती.

वकीलसाहेबांनी म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली आहे.